‘रेन इज स्टार्टेड’ का चुकतं? ‘स्टार्ट’, ‘बिगिन’ आणि आपला ‘सुरू’

‘रेन इज स्टार्टेड.’ ‘इन द स्टार्टिंग आय वॉज इन म्हापसा.’ ‘प्लीज स्टार्ट द लाइट.’ ‘एक्झाम विल स्टार्ट फ्रॉम मंडे.’ गोव्यातल्या मराठी घरांत, वर्गांत आणि हॉटेलच्या काउंटरवर ही चार वाक्यं रोज ऐकू येतात. चारही चुकीची आहेत आणि चारही चुकांचं मूळ एकच आहे. ‘स्टार्ट’चा अर्थ बोलणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. घोळ होतो तो आपल्या ‘सुरू’ या शब्दाच्या सवयी जशाच्या तशा इंग्रजीत नेल्यामुळे.

प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून, हा गोव्यातल्या कितीतरी मुलांचा मार्ग आहे. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा इथल्या गावांत तर घरोघरी हेच. या मुलांना ‘स्टार्ट’ शब्द फार लवकर भेटतो, पण त्याचं व्याकरण कुणी सांगत नाही, कारण शब्द सोपा वाटतो. पुढे हीच मुलं नोकरीचे अर्ज लिहितात, पर्यटकांशी बोलतात, डॉक्टरला दुखणं सांगतात, आणि तीच चार वाक्यं त्यांच्याबरोबर जातात. म्हणून हा लेख जरा तपशिलात.

आधी आपला ‘सुरू’ समजून घेऊ

‘सुरू’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मराठीत तो विशेषणासारखा वागतो आणि त्याच्या जोडीला आपण वेगवेगळी क्रियापदं लावतो. सुरू होणे, सुरू करणे, सुरू असणे, सुरू ठेवणे, सुरू राहणे. पहिल्या दोनांत आरंभाचा क्षण आहे. उरलेल्या तिघांत आरंभ केव्हाच होऊन गेलेला असतो, आपण पुढे चाललेल्या गोष्टीबद्दल बोलत असतो. ‘पाऊस सुरू झाला’ आणि ‘पाऊस सुरू आहे’ या दोन्हींत आपण तोच शब्द वापरतो.

इंग्रजी ‘स्टार्ट’ला फक्त पहिलं काम येतं. तो एक क्षण आहे, शून्यातून हालचालीत येण्याचा क्षण. तो क्षण संपला की ‘स्टार्ट’चं काम संपलं. पुढच्या चालू स्थितीसाठी इंग्रजी दुसरे शब्द घेते. एवढी एक गोष्ट नीट धरून ठेवली तर या लेखातले बहुतेक नियम आपोआप सुचतील.

शब्दाचं मूळ पाहिलं तरी हेच दिसतं. जुन्या इंग्रजीत ‘स्टार्ट’चा अर्थ होता उडी मारणे, एकदम उसळणे. दचकवणे या अर्थाचा ‘स्टार्टल’ हा शब्द त्याच घरातला. ‘ही वोक विथ अ स्टार्ट’ म्हणजे तो दचकून जागा झाला. इथे ‘सुरुवात’ शोधत बसलं तर वाक्य लागत नाही. ‘बाय फिट्स ॲण्ड स्टार्ट्स’ म्हणजे मध्येच उसळी, मध्येच थांबा, असं तुटक तुटक चाललेलं काम. सुरुवात हा अर्थ नंतर चिकटला, पण त्यातला झटका अजून गेलेला नाही.

पायरी पहिली: क्षण की स्थिती?

इंग्रजी वाक्य जुळवण्यापूर्वी मनातलं मराठी वाक्य तपासा. त्यात ‘सुरू झाला, सुरू केला’ आहे, की ‘सुरू आहे, सुरू ठेव, सुरू राहिला’ आहे?

‘आहे’ असेल तर ‘स्टार्ट’ला हात लावू नका. ‘पाऊस सुरू आहे’ हे ‘इट इज रेनिंग’. ‘मीटिंग सुरू आहे’ हे ‘द मीटिंग इज गोइंग ऑन’ किंवा ‘द मीटिंग इज इन प्रोग्रेस’. ‘दुकान सुरू आहे का?’ हे ‘इज द शॉप ओपन?’. ‘पंखा सुरू आहे’ हे ‘द फॅन इज ऑन’. ‘सुरू ठेव’ म्हणायचं असेल तर कामासाठी ‘कीप गोइंग’ किंवा ‘कॅरी ऑन’, पंख्यासाठी ‘लीव्ह द फॅन ऑन’. एका मराठी शब्दाच्या जागी इंग्रजीत पाच वाटा निघतात, आणि त्यांपैकी एकीतही ‘स्टार्ट’ नाही.

‘झाला’ असेल तर ‘स्टार्ट’ चालतो, पण ‘इज’ बरोबर नाही. ‘रेन इज स्टार्टेड’ हे वाक्य ‘पाऊस सुरू झालेला आहे’ याच्या साच्यात ओतलेलं असतं. मराठीत ‘सुरू’ विशेषण असल्यामुळे ‘आहे’ सहज बसतं. इंग्रजीत ‘स्टार्टेड’ तसं विशेषण होत नाही. बरोबर वाक्यं दोन, आणि त्यांतला फरक कामाचा आहे.

‘इट हॅज स्टार्टेड रेनिंग’ म्हणजे सुरू झाला आणि आत्ता पडतोय, कपडे आत घ्या. ‘इट स्टार्टेड रेनिंग ॲट फोर’ म्हणजे चार वाजता सुरू झाला. घड्याळाची वेळ, वार किंवा ‘काल’ आलं की ‘हॅज’ जातो. ‘इट हॅज स्टार्टेड रेनिंग ॲट फोर’ हे शिकल्यासवरल्यांच्याही तोंडी येतं, तरी ते चूकच.

‘वॉज स्टार्टेड’ मात्र एका ठिकाणी बरोबर आहे. कुणीतरी मुद्दाम सुरू केलं, स्थापन केलं, असं सांगायचं असेल तेव्हा. ‘द स्कूल वॉज स्टार्टेड इन १९६५’ म्हणजे शाळा १९६५ साली स्थापन झाली. ‘द स्कूल स्टार्टेड ॲट एट’ म्हणजे आज आठ वाजता भरली. मराठीत हा फरक ‘स्थापन झाली’ आणि ‘भरली’ या दोन क्रियापदांत दिसतो. इंग्रजीत तो ‘वॉज’ असण्या-नसण्यात दिसतो.

पायरी दुसरी: ‘पासून’ला जरा थांबवा

‘परीक्षा सोमवारपासून सुरू होते.’ मराठीत हे निर्दोष आहे. त्यातल्या ‘पासून’ला ‘फ्रॉम’ लावून आपण ‘स्टार्ट्स फ्रॉम मंडे’ म्हणतो. इंग्रजी कानाला ते खटकतं, कारण ‘फ्रॉम’ला पुढे लांबी लागते आणि ‘स्टार्ट’ला लांबी नाही, तो क्षण आहे. क्षण कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या महिन्यात आला एवढंच विचारायचं. वाराला आणि तारखेला ‘ऑन’, घड्याळाला ‘ॲट’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. ‘द एक्झाम स्टार्ट्स ऑन मंडे.’ ‘द शो स्टार्ट्स ॲट सेव्हन.’ ‘द सीझन स्टार्ट्स इन ऑक्टोबर.’

क्रियापद बदलून लांबी असलेलं घेतलं की ‘फ्रॉम’ परत येतो. ‘ब्रेकफास्ट इज सर्व्ह्ड फ्रॉम सेव्हन टु टेन’ बरोबर, कारण वाढणं तीन तास चालतं. ‘वी आर ओपन फ्रॉम नाइन’ बरोबर, कारण दुकान उघडं राहतं. सरकारी आदेशात ‘विथ इफेक्ट फ्रॉम १ जून’ असतं, तेही याच कारणाने. अंमल त्या दिवसापासून पुढे टिकायचा असतो.

‘स्टार्ट फ्रॉम’ सरसकट चूक आहे असं मात्र समजू नका. जागा असेल किंवा रांगेतला एखादा टप्पा असेल तर तो चालतो. ‘कोंकण कन्या स्टार्ट्स फ्रॉम मडगाव’ बरोबर, ‘स्टार्ट फ्रॉम पेज टेन’ बरोबर, ‘वी स्टार्टेड फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे अगदी शून्यातून, तेही बरोबर. खोल्यांचे दर सांगताना ‘रूम्स स्टार्ट ॲट’ आणि ‘स्टार्ट फ्रॉम’ दोन्ही म्हणतात. मनाई फक्त वेळेबरोबर आहे.

‘पासून’ची दुसरी फसवणूक जास्त नुकसान करते. ‘मी २०१९ पासून इथे काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९’ होतं. मराठीत वर्तमानकाळ आहे म्हणून इंग्रजीतही वर्तमान घेतला जातो. पण मागे कुठेतरी सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीला इंग्रजी ‘हॅव बीन’ लावते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९’. ‘सिन्स’ पुढे आरंभाचा क्षण येतो आणि ‘फॉर’ पुढे कालावधी. ‘सिन्स मंडे’, ‘फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ हे अर्जात दिसलं की वाचणाऱ्याचं मत तिथेच बनतं. एवढ्या छोट्या शब्दावर ते बनावं हे आम्हाला पटत नाही, पण बनतं खरं.

पायरी तिसरी: बटण की इंजिन?

लाइट, पंखा, टीव्ही, एसी, गीझर यांना ‘स्टार्ट’ लागत नाही. ती ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’ होतात. बटण दाबलं की वीज वाहते, झालं. ज्याला स्वतःचं इंजिन आहे, जे फिरायला लागतं, धडधडतं, कधी सुरू व्हायला नकार देतं, ते ‘स्टार्ट’ होतं. स्कूटर, गाडी, होडीचं इंजिन, जनरेटर, कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) पंप ही सगळी ‘स्टार्ट’ची माणसं. नकार द्यायचा असेल तर ‘द स्कूटर वोन्ट स्टार्ट’ हे वाक्य पाठच करा. ‘स्कूटर इज नॉट स्टार्टिंग’ म्हटलं तरी गॅरेजवाल्याला कळतं आणि चूकही नाही, पण ‘वोन्ट’मध्ये गाडीचा हट्ट येतो, म्हणून इंग्रजी बोलणारे तो पसंत करतात. वॉशिंग मशीन आणि संगणक दोन्हीकडे चालतात. ‘स्विच ऑन द वॉशिंग मशीन’ म्हणजे वीज दिली, ‘स्टार्ट द वॉशिंग मशीन’ म्हणजे धुणं चालू केलं.

कुळागरात पंपाच्या डब्यावर हिरवं बटण असतं, त्या डब्यालाच ‘स्टार्टर’ म्हणतात. ट्यूबलाइटच्या पट्टीतली छोटी डबीही ‘स्टार्टर’, जेवणाआधीचे चटकमटक पदार्थही ‘स्टार्टर्स’. पावाचं पीठ फुगवायला राखून ठेवलेलं आंबवण म्हणजे ‘सोअरडो स्टार्टर’, आणि दह्याचं विरजण म्हणजे ‘योगर्ट स्टार्टर’. आपल्याकडचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पावाला माडाची सूर घालत, ती याच कामाची. पाचही ठिकाणी अर्थ एकच: जे स्वतः थोडं असतं आणि पुढच्या मोठ्या गोष्टीला गती देतं.

बॅटरी उतरलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून चालू करणं म्हणजे ‘जंप स्टार्ट’. ‘किक स्टार्ट’ मोटरसायकलचा, पण मंदावलेल्या धंद्याला चालना देणं या अर्थानेही बातम्यांत येतो. शर्यतीत इशाऱ्याआधी सुटणं म्हणजे ‘फॉल्स स्टार्ट’. मुळात चालणारच नाही अशी कल्पना म्हणजे ‘नॉन-स्टार्टर’.

दुकान ‘स्टार्ट’ होत नाही, उघडतं: ‘द शॉप ओपन्स ॲट नाइन’. ‘ही स्टार्टेड अ शॉप’ म्हणजे त्याने नवं दुकान टाकलं. बेतीहून पणजीला येणारी पहिली फेरीबोट ‘लीव्ह्ज’: ‘द फर्स्ट फेरी लीव्ह्ज ॲट सिक्स’. ‘स्टार्ट्स ॲट सिक्स’ म्हटलं तर सहाला इंजिन सुरू झालं असाही अर्थ निघू शकतो, आणि धक्क्यावर उभ्या माणसाला बोट सुटणार केव्हा हे हवं असतं.

‘स्टार्ट’ आणि ‘बिगिन’

बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. ‘द क्लास बिगॅन’ आणि ‘द क्लास स्टार्टेड’ यांत व्याकरणाचा फरक काही नाही. ‘बिगिन’ किंचित शांत, किंचित औपचारिक. पण तीन जागा अशा आहेत जिथे फक्त ‘स्टार्ट’ लागतो: यंत्र सुरू करणे, प्रवासाला निघणे, आणि एखादी गोष्ट घडवून आणणे. ‘स्टार्ट अ फायर’, ‘स्टार्ट अ क्वॉरल’, ‘हू स्टार्टेड द रूमर?’ इथे ‘बिगिन’ घातला की वाक्य लंगडं होतं. उलट, बोलायला तोंड उघडण्याला ‘बिगिन’ शोभतो: ‘लेडीज ॲण्ड जंटलमन, ही बिगॅन’.

रूपं लक्षात ठेवा: बिगिन, बिगॅन, बिगन. ‘हॅज’ बरोबर तिसरं, ‘द मान्सून हॅज बिगन’. ‘हॅज बिगॅन’ ही परीक्षेत नेहमी गुण खाणारी चूक. ‘बिगिनिंग’च्या स्पेलिंगमध्ये ‘एन’ एकूण तीन: बी-ई-जी-आय-एन-एन-आय-एन-जी. आघात शेवटच्या अक्षरावर असल्यामुळे तिथला ‘एन’ दुप्पट होतो. ‘स्टार्टिंग’मध्ये ‘टी’ दुप्पट होत नाही, कारण त्याच्याआधी आधीच दुसरं व्यंजन, ‘आर’, आहे. उच्चारात ‘स्टार्टेड’ हा दोन टप्प्यांचा शब्द, स्टार्-टिड. घाईत तो ‘स्टार्टड’ करू नका.

पुढे क्रियापद यायचं असेल तर ‘टु’ की ‘इंग’? दोन्ही. ‘शी स्टार्टेड टु क्राय’, ‘शी स्टार्टेड क्राइंग’, अर्थ तोच. अपवाद दोन. स्वतः ‘स्टार्टिंग’ आलं असेल तर पुढे पुन्हा ‘इंग’ नको: ‘इट इज स्टार्टिंग टु रेन’. आणि कळणे, वाटणे, ओळखणे अशा मनातल्या क्रियांना ‘टु’ बरा: ‘आय बिगॅन टु अंडरस्टॅण्ड’. मुलांना इथेच ‘स्टॉप’चा फरकही सांगून टाका, कारण ती दोघांना एकाच मापाने मोजतात. ‘ही स्टॉप्ड ईटिंग’ म्हणजे खाणं थांबवलं. ‘ही स्टॉप्ड टु ईट’ म्हणजे खाण्यासाठी थांबला. ‘स्टार्ट’मध्ये असा फेर पडत नाही.

मराठीत आरंभाला किती क्रियापदं आहेत बघा

शिकवणाऱ्यांनी या भागाकडे खास लक्ष द्यावं, कारण मुलांचं मराठी इथे ओझं न राहता हत्यार बनतं. आपण प्रत्येक गोष्ट ‘सुरू’ करत नाही. मिरग लागतो. श्रावण लागतो. शाळा भरते. ताप भरतो. आंब्याला मोहर येतो. चूल पेटवतो. चवथीची तयारी काढतो. पोर रडायला लागतं, आणि कधी रडत सुटतं. बाई भाकऱ्या थापायला घेतात.

यातल्या तीन साच्यांना इंग्रजीत थेट जोड मिळते. आपोआप, हळूहळू होणाऱ्या ‘-ऊ लागणे’ला ‘बिगॅन टु’ किंवा ‘स्टार्टेड टु’: दिसू लागलं, ‘बिगॅन टु ॲपिअर’. ठरवून हाती घेतलेल्या ‘-यला घेणे’ला ‘स्टार्ट ऑन’ नेमका बसतो: ‘वी हॅव स्टार्टेड ऑन द ट्रान्सप्लांटिंग’, म्हणजे भात लावायला घेतलं. भान सुटून होणाऱ्या ‘-त सुटणे’ला ‘बर्स्ट आउट’ किंवा ‘ब्रोक इंटु’: हसत सुटला, ‘ही बर्स्ट आउट लाफिंग’. तिन्हींना ‘स्टार्टेड’ लावला तर चूक होत नाही, पण मराठीत असलेली छटा इंग्रजीत पोचत नाही. भाषांतराच्या प्रश्नात पूर्ण गुण आणि निम्मे गुण यांत हाच फरक असतो.

‘स्टार्टिंगला’ या शब्दाबद्दल

बोली मराठीत हा शब्द आता घट्ट रुजला आहे. ‘स्टार्टिंगला मला काही कळत नव्हतं.’ मराठी बोलताना खुशाल वापरा. इंग्रजीत मात्र ‘इन द स्टार्टिंग’ असं काही नाही. त्याच्या जागी तीन पर्याय आहेत.

आधी एक होतं, पुढे बदललं असं सांगायचं असेल तर ‘ॲट फर्स्ट’: ‘ॲट फर्स्ट आय कुडन्ट फॉलो द लेसन्स’. ऐकणारा लगेच ‘बट लेटर’ची वाट बघतो. बदल काही नसेल, मुद्द्यांची यादी द्यायची असेल तर ‘फर्स्ट’ किंवा ‘टु स्टार्ट विथ’. गोष्टीच्या, पुस्तकाच्या, वर्षाच्या आरंभीच्या भागाला ‘ॲट द बिगिनिंग ऑफ’: ‘ॲट द बिगिनिंग ऑफ द यिअर’. ‘फर्स्ट’ आणि ‘ॲट फर्स्ट’ यांची अदलाबदल फार होते. ‘ॲट फर्स्ट वॉश युवर हॅण्ड्स’ हे चूक, तिथे साधं ‘फर्स्ट’.

दवाखान्यात

ओपीडीत डॉक्टर हमखास विचारतात, ‘व्हेन डिड इट स्टार्ट?’ इथलं उत्तर अचूक असणं व्याकरणाच्याही पलीकडे महत्त्वाचं आहे, कारण औषध त्यावर ठरतं. दुखणं कधी सुरू झालं: ‘इट स्टार्टेड टू डेज अगो’. ‘बिफोर टू डेज’ म्हणू नका, मराठीतल्या ‘दोन दिवसांपूर्वी’ची ती नक्कल आहे. अजून आहे का: ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे’. सलग की अधूनमधून: ‘इट कम्स ॲण्ड गोज’. एकदम आलं की हळूहळू: ‘इट केम ऑन सडनली’ किंवा ‘ग्रॅज्युअली’. कागदावर डॉक्टर ‘ऑनसेट’ लिहितात, तो याचाच औपचारिक शब्द. दुखणं, थंडी, पाऊस, न बोलावता येणाऱ्या गोष्टींच्या आगमनाला ‘ऑनसेट’. हवामान खात्याच्या निवेदनात ‘ऑनसेट ऑफ मान्सून’ असतं ते म्हणूनच. केरळात त्याची सर्वसाधारण तारीख १ जून धरतात आणि गोव्यात तो त्यानंतर काही दिवसांनी पोचतो. दुकानाचा किंवा शाळेचा ‘ऑनसेट’ होत नाही.

कार्यालयात

‘कमेन्स’ हा कागदोपत्री शब्द. पोर्तुगीज येणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘कोमेसार’ आठवेल. दोन्ही एकाच लॅटिन मुळाचे. निविदेत, करारात, कायद्यात तो शोभतो, मित्राला पाठवलेल्या संदेशात अवघडतो. त्याच्या पुढे ‘टु’ नको, ‘द वर्क शॅल कमेन्स’ एवढं पुरतं. कायद्यात ‘कमेन्समेंट’ला ठरलेला अर्थ आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार कायद्याचं ‘कमेन्समेंट’ म्हणजे तो अमलात येण्याचा दिवस. विधिमंडळात मंजूर होण्याचा दिवस वेगळा असू शकतो. आपल्या संविधानाचंच पाहा. २६ नोव्हेंबर १९४९ ला ते स्वीकारलं गेलं आणि काही तरतुदी लगेच लागू झाल्या, पण अनुच्छेद ३९४ मध्ये ‘कमेन्समेंट’ म्हणून २६ जानेवारी १९५० हा दिवस दिला आहे. म्हणून एखादी योजना कधीपासून लागू हे बघायचं असेल तर घोषणेच्या बातमीवर थांबू नका, अधिसूचनेत ‘कमेन्समेंट’ किंवा ‘कम इंटु फोर्स’ शोधा.

‘इनिशिएट’ म्हणजे प्रक्रियेला चालना देणे: चौकशी, कारवाई, प्रस्ताव. ‘इनिशियल’ वेगळा. विक्रीखतावर ‘इनिशियल एव्हरी पेज’ म्हटलं असेल तर प्रत्येक पानावर नावाची आद्याक्षरं घालायची, आणि ‘साइन’ म्हटलं असेल तिथे पूर्ण सही. दोन्हींची गल्लत झाली तर कागद परत येतो.

‘रिझ्यूम’ हा शब्द आपण फार कमी वापरतो आणि त्याची गरज सतत पडते. मध्ये थांबलेलं पुन्हा सुरू होणं म्हणजे ‘रिझ्यूम’. गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. १ ऑगस्टला ती ‘स्टार्ट’ होते असं लिहिलं तर आधी कधी नव्हतीच असं वाटतं. ‘फिशिंग रिझ्यूम्स ऑन १ ऑगस्ट’. चवथीच्या सुट्टीनंतर वर्ग ‘रिझ्यूम’ होतात, रजेनंतर कर्मचारी ‘रिझ्यूम्स ड्यूटी’.

ठरलेल्या वेळापत्रकाला ‘विल’ लागत नाही. ‘क्लासेस स्टार्ट ऑन मंडे’ हा साधा वर्तमानकाळच भविष्याचं काम करतो. ‘विल स्टार्ट’ चूक नाही, पण सूचनाफलकावर पहिलं जास्त नेटकं दिसतं.

आता सराव

उत्तर झाकून ही वाक्यं इंग्रजीत करून पाहा. प्रत्येकाच्या आधी विचारा: क्षण की स्थिती?

‘पाऊस सकाळपासून सुरू आहे.’ स्थिती. ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स द मॉर्निंग.’

‘मिरग लागला तरी पाऊस सुरू झाला नाही.’ दोन्ही क्षण, पण परिणाम आत्ताचा. ‘मृग हॅज बिगन, बट द रेन्स हॅवन्ट स्टार्टेड.’

‘पंखा सुरूच राहू दे.’ ‘लीव्ह द फॅन ऑन.’

‘सुरुवातीला तो फक्त कोकणी बोलायचा.’ पुढे बदल झाला आहे. ‘ॲट फर्स्ट ही स्पोक ओन्ली कोंकणी.’

‘जत्रा शुक्रवारपासून सुरू होते.’ ‘द जत्रा स्टार्ट्स ऑन फ्रायडे.’ पाच दिवस चालते असं जोडायचं असेल तर ‘ॲण्ड गोज ऑन फॉर फाइव्ह डेज’.

‘फटाक्याच्या आवाजाने बाळ दचकून उठलं.’ ‘द बेबी वोक विथ अ स्टार्ट ॲट द साउंड ऑफ द क्रॅकर.’

‘आईने भाकऱ्या थापायला घेतल्या आहेत.’ इथे दोन उत्तरं बरोबर आहेत. ‘मदर हॅज स्टार्टेड मेकिंग द भाकरीज’ म्हणजे थापणं चालू झालं. ‘मदर हॅज स्टार्टेड ऑन द भाकरीज’ म्हणजे बाकीचं आटोपून ती आता या कामाकडे वळली. मुलाला दोन्ही लिहू द्या आणि कोणतं आपल्या ‘घेतल्या’च्या जवळचं आहे ते त्यालाच ठरवू द्या.